आपोआप सुटणारं गाठोडं

टाकवे बुद्रुकच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागूनच चौदा वर्षं सोपानभाऊ मालपोटेंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दोन्ही दुकानांच्या मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सोपानभाऊंबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांच्या सख्ख्या भावालाही नसेल. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही असं मी चार वर्षं समजत होते, आणि त्या समजुतीवर मी सुखाने जेवत-झोपत होते असंही नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माणूस दिसायला अगदी साधा. खिशात दोन पेनं आणि काळ्या दोऱ्याला बांधलेला एक पेन ड्राइव्ह. बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईक दोनदा विचारायचं. चिकटपट्टी वापरली की तिचं टोक दुमडून ठेवणारा हा मी पाहिलेला एकमेव पुरुष. पुढच्याला नखाने टोक शोधत बसावं लागू नये म्हणून. "दुसऱ्याला ताप नको," हे त्यांचं पालुपद. मी चिडवायची, "भाऊ, तुमी सरणावर बी सोताच चढून बसाल, खांदेकऱ्यांना ताप नको म्हून." ते हसायचे आणि माझ्या दुकानापुढचा कचराही लोटून टाकायचे.

दुकान टाकण्याआधी ते उर्स्याच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरला होते. कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्या कामगारांच्या नोकरीच्या नोंदी त्यांनी रात्रंदिवस बसून कॉम्प्युटरवर घेतल्या, दाबून लहान केल्या आणि फ्लॉपीत भरून पुण्याच्या एका कचेरीत नेऊन दिल्या. तिथल्या मशीनवर ती दाबलेली फाइल सोडवायचा प्रोग्रॅमच नव्हता. कारकुनाने कागदावर "उघडत नाही" असं लिहून परत पाठवलं आणि पुढची तारीख चार महिन्यांनी दिली. त्या चार महिन्यांत एक कामगार वारला. हक्काचा दाखला त्याच्या हातात पडला नाही. सोपानभाऊंनी ते मनाला लावून घेतलं. समोरच्याकडे काय असेल याचा भरवसा धरायचा नाही, हे त्या दिवशी त्यांनी ठरवलं.

मग त्यांना ती युक्ती सापडली. फाइली एकत्र दाबून बांधायच्या आणि बांधलेलं सोडवणारा छोटा प्रोग्रॅमही त्याच बोचक्यात घालायचा. समोरच्याकडे काहीही नसलं तरी अडत नाही. दोनदा टिचकी मारली की फाइल आपली आपण सुटते आणि आतलं सामान बाहेर मांडून मोकळी होते. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. सोपानभाऊ त्याला गाठोडं म्हणायचे, म्हणून बाजारातले सगळेच गाठोडं म्हणायला लागले. लग्नाचे फोटो असोत, लोणावळ्याच्या बंगल्यांचे नकाशे असोत, कॉलेजच्या पोरींचे प्रबंध असोत, भाऊंकडून जाणारी प्रत्येक गोष्ट गाठोडं होऊनच जायची. ते उघडताना पडद्यावर एक चौकट यायची: "नमस्कार. सामान मोठं आहे, जरा दम धरा." लोक हसायचे. मीही हसायची.

त्यांचे दोन नियम होते. गाठोडं बांधून झालं की मूळ फाइली आपोआप पुसल्या जातील अशी खूण ते करून ठेवायचे. मशीनवर जागा कमी, आणि दोन ठिकाणी ठेवलं की खरं कुठलं ते माणूस विसरतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा की ज्याचं सामान, त्याच्या हातात एक प्रत द्यायचीच. त्याच्याकडे कॉम्प्युटर असो नसो.

उंबरवाडी आमच्या मागच्या डोंगरात आहे. ठाकरांची अठरा घरं. वाडीच्या वरच्या अंगाला त्यांचा नाचणी-वरईचा तुकडा, बापजाद्यांपासून कसलेला, पण कागदावर वनखात्याचा. त्याचा दावा त्यांनी लावला होता. वाडीतले सगळ्यात म्हातारे रखमाजी आबा, त्यांचा लेखी जबाब अंगठ्यासकट दिला होता, पण कचेरीतून विचारणा आली: म्हाताऱ्याला जागेवर खुणा दाखवता येतात का? आबा पंच्याऐंशीच्या पुढे होते आणि पाय गेलेले. त्यांना तालुक्याला न्यायचं म्हणजे अवघड. तेव्हा आबांचा मुलगा बुधा आमच्याकडे आला आणि सोपानभाऊंनी कॅमेरा काढला.

दोन हजार सोळाचा हिवाळा. कागदांची पिशवी घेऊन मीही गेले होते, खरं तर उत्सुकतेपोटी. बुधाने बापाला पाठुंगळी घेतलं होतं आणि आबा त्याच्या खांद्यावरून बोट करून दाखवत होते. इथे माझ्या बाने घातलेला बांध. इथे कातळात कोरलेलं उखळ, आई ह्यात वरई कांडायची. एका जागी मात्र त्यांनी बुधाला खाली बसायला लावलं. एक साधा धोंडा होता. आबांनी त्यावर हात ठेवला.

"हितं माजी भईन हाय. दोन वर्साची व्हती."

चाळीस मिनिटं ते बोलले. सोपानभाऊंचा हात एकदाही हलला नाही. शेवटी आबांनी त्या कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, "ह्ये किती दिस ऱ्हाईल?"

"आबा, तुमी-आमी गेलो तरी ऱ्हाईल," सोपानभाऊ म्हणाले.

त्यांनी सगळं बांधलं. चित्रण, फोटो, कागद आणि चित्रण दाखवणारा एक प्रोग्रॅमसुद्धा, कारण साहेबाच्या मशीनवर तो नसला तर? पेन ड्राइव्ह कचेरीत देऊन पोच घेतली. नियमाप्रमाणे एक सीडी आबांना नेऊन दिली. त्या वाडीत तेव्हा धड वीजही टिकत नव्हती. मी म्हटलं, "ती सीडी घिऊन आबा काय तोंड बघणार हायेत का?" आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खरंच तिच्यात तोंड पाहिलं. पाच महिन्यांनी आबा गेले.

कचेऱ्यांची चाल सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षं काही झालं नाही. मधल्या काळात सोपानभाऊंचं जुनं मशीन धापा टाकायला लागलं. त्यांनी नवीन घेतलं, सगळी गाठोडी त्यावर आणली आणि जुनं मशीन कोरं करून एका शाळेला देऊन टाकलं.

आता माझी गोष्ट येते. माझी मुलगी हर्षदा हिंजवडीला कंपनीत आहे. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीनंतर ती चार दिवस घरी आली होती. मीच तिला म्हटलं, सोपानभाऊंच्या नव्या मशीनला व्हायरसचं औषध घालून दे, ते आपलं इतकं करतात. भाऊ त्या दिवशी बेगडेवाडीला नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. किल्ली माझ्याकडेच असायची. हर्षदाने ते औषध घातलं, मशीन तपासायला लावलं आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. पडद्यावर लाल अक्षरांची भली मोठी यादी आली होती.

"आई, ह्या दीडशेच्या वर फाइली आहेत. सगळ्या संशयास्पद दाखवतंय. भाऊंच्या कामाच्या असतील का?"

"लाल दिसत्यात ना? मग काढ की. सगळ्या मशीनला लागंल न्हाईतर."

"नक्की? कायमच्या जातील. त्यांना फोन करून विचारू का?"

"साखरपुड्यात कशाला ताप द्यायचा त्यांना? काढ गं."

माझ्या डोळ्यांपुढे किडलेलं धान्य होतं. चार दाणे किडके दिसले की अख्खी कणगी उपसायची, हे मला माहेरापासून ठाऊक. हर्षदाने एकदा टिचकी मारली. पडदा हिरवा झाला आणि त्यावर आलं की तुमचा संगणक आता सुरक्षित आहे. मी चहा ठेवला. संध्याकाळी सोपानभाऊंनी तो हिरवा पडदा पाहिला आणि हर्षदाला आशीर्वाद दिला.

महिन्याभराने बुधा आणि त्याची बायको चिंगी पत्र घेऊन आली. दावा नामंजूर. पुराव्यादाखल दिलेला पेन ड्राइव्ह रिकामा आढळल्याने मौखिक पुरावा विचारात घेता येत नाही. साठ दिवसांत अपील करता येईल.

"भाऊ, रिकामा दिलाता व्हय?" चिंगीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. बुधा मात्र खाली बघत होता. डोंगरात बंगलेवाले जागा शोधत फिरतात, आणि कुणाला कुणी फोडलं याच्या गोष्टी वाडीत रोज असतात.

"आरं, रिकामा कसा दीन? हितंच हाय माज्याकडं. पाच मिनटं बसा."

मी पत्र्याच्या अलीकडे होते. माउसचे टकटक आवाज येत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ते जलद झाले. मग एकदम थांबले. माझ्या यंत्रात कागद अडकला होता आणि मी तो काढतच नव्हते. गाठोडी म्हणजे त्या फाइली, हे मला त्या क्षणी कळलं. मी पलीकडे जायला हवं होतं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत निघाले आणि मला म्हणाले, सोबत चला, मला धड बोलता येत नाही. तिथला कारकून भला माणूस निघाला. त्याने उगाच हाकलून दिलं नाही, नीट समजावलं.

"काका, आमची मशीनं असल्या फाइली आत येऊच देत नाहीत. आपोआप उघडणारी फाइल दिसली की व्हायरस समजून काढून टाकतात. पेन ड्राइव्ह लावला त्याच मिनिटाला गेली असणार. महिनाभर ती एका कोपऱ्यात पडून असते, मग कायमची जाते. याला तीन वर्षं झाली." मग तो म्हणाला, "तुम्ही साधा व्हिडिओ का नाही दिलात? मोबाइलवरसुद्धा दिसला असता."



"तुमाला ताप नको म्हून," ते म्हणाले.

परत येताना जीपमध्ये ते म्हणाले, "ताई, माज्याकडची बी अशीच गेली असंल. नवं मशीन घेतलं तवा." मी खिडकीतून बाहेर बघत होते. इंद्रायणीचं पात्र आलं, गेलं. तेवढ्यात ते ताठ बसले. "सीडी! आबांची सीडी हाय की. ज्याचं सामान त्याच्याकडं." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच मोठा ऐकला.

जीपमधून उतरलो तसेच आम्ही डोंगर चढलो. नाचणीची काढणी उशिराने चालू होती. चिंगी कणसं खुडत होती. सोपानभाऊंनी धापा टाकत सीडी विचारली. तिचा चेहरा उजळला.

"हाय की! ती काय."

बांधावर, त्या धोंड्याजवळ, आबांची काठी रोवलेली होती. उंबरवाडीत म्हातारं माणूस गेलं की त्याची काठी अशी शेताच्या डोक्याला रोवतात. तो राखण करतो म्हणतात. काठीच्या टोकाला दोऱ्याने सीडी बांधली होती आणि ती वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. बाकीच्या शेतांतून पाखरं हाकायला लोक चकाकत्या पट्ट्या बांधतात, तसंच लांबून वाटलं. पण ते तसं नव्हतं.

"आबा बोलत्यात ना तेच्यात," चिंगी म्हणाली. "नुसती काठी मुकी वाटंल म्हून संगं बांधली. तवापास्नं एक दिस काढली न्हाई, भाऊ. पावसात न्हाई, उनात न्हाई. आबा हितंच उभं हायेत."

सोपानभाऊंनी ती सोडवली. तिच्यावरचा चांदीचा मुलामा पापुद्र्यांनी उडाला होता. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचं आभाळ दिसलं. एक पापुद्रा त्यांच्या अंगठ्याला चिकटला. तो कुठे पुसावा हे त्यांना कळेना.

"चालंल ना?" चिंगी म्हणाली.

"लय नीट राखलीत," ते म्हणाले. "बघतो घिऊन जाऊन."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून सीडी फिरल्याचा घरघर आवाज येत राहिला. घरघर, मग थांबणं, मग खण उघडल्याचा खटका, मग फडक्याने पुसणं, आणि पुन्हा घरघर. पुण्याच्या एका दुकानातही ते ती घेऊन गेले. तिथल्या पोराने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि न लावताच परत दिली.

मग ते सीडी परत द्यायला वाडीत गेले. ज्याचं सामान त्याचं. मी बरोबर होते. सगळी वाडी जमली होती. सोपानभाऊ उभे राहिले आणि जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माजी हाय. मी बांधायला चुकलो. दुकानातली प्रत बी माज्याच हातनं गेली. आबांना मी शबूद दिलता, तो माज्यानं राखला न्हाई."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.  मागून एक म्हातारी म्हणाली, "इकलं आसंल." बुधाने तिला गप्प केलं नाही. मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं: काढायला मी सांगितलं.  हर्षदाचं नाव निघेल, बाजारात माझी छी-थू होईल, असले विचार त्या वेळी सुचतात हे मला स्वतःबद्दल तेव्हा कळलं. चिंगीने सीडी घेतली, बांधावर गेली आणि होती तशी काठीला बांधून आली.

लेखी जबाबावर अपील केलं. ते टिकलं नाही. दोन वर्षांनी तुकड्याला तारेचं कुंपण पडलं. काठी आणि धोंडा आत राहिले. सोपानभाऊंकडे वाडीचं कुणी येईना, मग गावचेही कमी झाले, कारण संशय फार चालतो. त्यात जे आपली जुनी लग्नाची गाठोडी मागायला येत त्यांनाही "गेली" एवढंच उत्तर. त्यांनी दुकान आवरलं. पुढे कळलं की लोणावळ्याला एका बंगल्यांच्या सोसायटीच्या फाटकावर ते राखणीला आहेत.

गेल्या मार्गशीर्षात मी तिथे गेले. चार वर्षं जे गिळलं होतं ते आता खाली उतरत नव्हतं. भाऊ निळ्या गणवेशात खुर्चीवर बसले होते, पुढ्यात वही. टेबलावर चिकटपट्टी होती आणि तिचं टोक दुमडलेलं होतं. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः पायरीवर बसले. हर्षदा कशी आहे, सीडी आहे का अजून काठीवर, असं विचारलं.

"हाय. चिंगी तारंबाहेरनं बघून जाती."

"बरं."

मग मी सांगून टाकलं. "सोपानभाऊ, तुमच्या मशीनमधली गाठोडी मी काढायला लावली. त्या दिशी, तुमी बेगडेवाडीला गेलता तवा."

ते शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय, ताई. मशीन यादी ठेवतं. कोणती फाइल, कोणच्या दिशी, किती वाजता. बुधाचं पत्र आलं त्याच रातीला बघितलं मी."

"मग वाडीत माजं नाव का न्हाई घेतलं?"

"तुमाला कुटं ठावं व्हतं त्या फाइली कशाच्या? पोरीनं चांगल्यापोटी केलं, तुमी बी चांगल्यापोटी सांगितलं. तुमाला कळलं असतं तर जल्मभर जिवाला लावून घेतलं असतं. म्हनलं, त्यांना न्हाई कळलं तेच बरं." ते माझ्याकडे बघून जरा हसले. "आता कुनी सांगितलं तुमाला? हर्षदानं?"

मी मान हलवली. नाही.

"मग कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. ते त्यांनी विश्वासाने घेतलंही असतं.

"बुधा-चिंगी पत्र घिऊन आली तवाच. पत्र्याआडनं."

त्यांचं हसू तसंच राहिलं, जसं विसरून राहतं. मग हळूहळू गेलं.

"म्हंजे वाडीत माज्या बाजूला उभ्या व्हता तवा ठावं व्हतं?"

"व्हय."

फाटकाबाहेर एक गाडी येऊन थांबली होती. सोपानभाऊ उठले, फाटक उघडलं, वहीत गाडीचा नंबर लिहिला. गाडी आत गेली. फाटक लावून ते तिथेच उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. माझी रिक्षा येईपर्यंत ते पायरीवर परत येऊन बसले नाहीत.